फोन दाखवा, पाकीट घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गडकरी रंगायतन नूतनीकरणानंतर १५ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा उघडलं. तेव्हापासून ठाण्यात नाट्यगृहांचा विषय निघाला की खुर्च्या, वातानुकूलन, पार्किंग आणि स्वच्छतागृहं यांवर सगळे हिरिरीनं बोलतात. बोललंच पाहिजे. पण नाटकवाले प्रेक्षकाच्या हातात स्वतःहून जी एकच वस्तू ठेवतात, त्या तिकिटाविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. मी नौपाड्यात लग्नपत्रिका आणि पाकिटं छापते. सासऱ्यांनी एका ट्रेडल मशीनवर आणि खिळ्यांच्या, म्हणजे जुळवायच्या सुट्या अक्षरांच्या, दोन केसींवर सुरू केलेला आमचा छापखाना आता ऑफसेट आणि डिजिटल दोन्ही कामं करतो. कागद रोज हाताखालून जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर खुशाल लावा, फक्त मापं आणि कागदाचे तपशील राहू द्यावेत ही विनंती. कारण एखाद्या हौशी संस्थेला उपयोग होईल तो त्यांचाच.

माझं म्हणणं असं: ऑनलाइन नोंदणी आहे तशी राहू दे. पण दारात फोन दाखवणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला त्या नाटकाचं स्वतःचं तिकिटाचं पाकीट मिळालं पाहिजे, आणि ते पाकीट त्या नाटकातूनच निघालेलं असलं पाहिजे. हे परवडतं. आम्ही करून पाहिलं आहे.

फोनवरच्या तिकिटाला माझा विरोध नाही. घरबसल्या खुर्ची निवडता येते. वाशीच्या माणसाला ठाण्याच्या प्रयोगाचं तिकीट काढायला मुद्दाम लोकल पकडावी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना खिडकीपुढे ताटकळावं लागत नाही. पण त्या तिकिटाचं काम दारातच संपतं. डोअरकीपर त्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर यंत्र धरतो आणि आपण आत. नाटक असो, सिनेमा असो की विमानप्रवास, चौकोन तोच. संगीत नाटकाला जाताना, रहस्यनाट्याला जाताना आणि नातवाला घेऊन बालनाट्याला जाताना हातात एकसारखीच गोष्ट असेल, तर नाटकवाल्यांनी प्रेक्षकाला आपल्याकडे ओढून घेण्याची पहिली संधी घालवली असं मी मानते. यंत्रातून निघणारी पावतीसुद्धा त्यातलीच. ती बहुधा थर्मल कागदावरची असते. तिच्यावर शाई नसतेच. कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की तो तेवढ्यापुरता काळा होतो. उन्हात राहिली, तेलाचा हात लागला की अक्षरं उडतात, आणि काही महिन्यांनी नाटकाचं नावसुद्धा वाचता येत नाही.

मराठी नाटकवाल्यांना छापील वस्तूची किंमत पूर्वी नीट ठाऊक होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला खेळ केला तो राजाश्रयाखाली. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. पुढे संगीत नाटकांच्या काळात पदांची छोटी पुस्तकं थिएटरात विकत मिळत. लोक ती हातात धरून पदं ऐकत आणि घरी नेऊन पेटीवर बसवत. अलीकडचं उदाहरण तर आमच्या शेजारच्या मुलुंडचं आहे. २०२० मध्ये गेलेले अक्षररचनाकार कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या चार बोटांच्या जाहिरातीत नाटकाचं नाव असं काढत, की नाटक हसवणारं आहे, रडवणारं आहे की अंगावर येणारं आहे, हे नुसत्या अक्षरांवरून कळे. आमच्या छापखान्यात नाटकांच्या जाहिरातींचं पान जपून ठेवलं जाई. नवीन मुलगा कामाला लागला की सासरे ते पान त्याच्यापुढे ठेवत आणि कोणत्या अक्षराचं वजन कुठे पडलंय ते दाखवत. त्या जाहिरातींना जेवढी जागा मिळे, तिच्या कितीतरी पट जागा तिकिटाच्या एका पाकिटावर मिळते. आज ती रिकामी पडली आहे.

आता आमच्या पाकिटाविषयी. ठाण्यातल्या एका हौशी संस्थेची मंडळी माझ्याकडे आली. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये त्यांचे प्रयोग लागायचे होते. प्रेक्षक बहुतेक ओळखीचे, त्यामुळे हातोहात द्यायला काहीतरी ‘पत्रिकेसारखं, रिच’ हवं होतं. सोनेरी फॉइल, मखमली लॅमिनेशन, रेशमी दोरी असं सगळं त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. मी आधी संहिता मागितली. दिग्दर्शक जरा चकित झाला, पण दुसऱ्या दिवशी आणून दिली. नाटक वागळे इस्टेटमधला एक कारखाना बंद पडल्यावर तिथल्या एका कामगाराच्या घरात काय होतं त्याचं. दुसऱ्या अंकात त्या घरातलं सोनं सावकाराकडे जातं. अशा नाटकाचं तिकीट सोनेरी फॉइलचं करायला माझा हात धजेना, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ सालची. ठाण्यातल्या जुन्या घरांमधून कुणी ना कुणी तिथे कामाला गेलेलं असतंच. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त फिटरच्या पत्नीला मी विचारलं, काकू, काकांचं पगाराचं पाकीट एखादं राहिलंय का? त्यांनी कपाटाच्या लॉकरमधून पहिल्या बोनसचं पाकीट काढून दिलं. तपकिरी, आखूड बाजूला उघडणारं, वर जांभळ्या शाईचा शिक्का. छापील रकाने: नाव, टिकिट नंबर (म्हणजे कामगाराचा क्रमांक), खातं, महिना, मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम. खाली कपाती: प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, सोसायटी, उचल. आणि सगळ्यांत तळाशी, जाड रेघेखाली, ‘हाती’. पाकिटाच्या कडा मऊ पडल्या होत्या, पण एकही अक्षर उडालं नव्हतं.

तिकिटाचं पाकीट तेच झालं. मी त्यावर नवीन काही सजावट केली नाही. रकाने तसेच ठेवले आणि त्यांत नाटकाची माहिती भरली. मूळ पगार, भत्ता यांच्या जागी लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, आणि समोर नावं. कपातींच्या रकान्यात पडद्यामागे राबणारी माणसं: कपडेपट सांभाळणारी, सेट लावणारी, चहा देणारी. या लोकांची नावं एरवी कुठेच छापून येत नाहीत. त्या मंडळींनी पाकिटाच्या जास्तीच्या प्रती मागून नेल्या, यावरून काय ते समजावं. तळाशी ‘हाती’ लिहून पुढे जागा कोरी सोडली.

आत हजेरीचं कार्ड. कारखान्याच्या गेटवर घड्याळाच्या यंत्रात घालायचं असे, तसं उभं, मॅनिला म्हणजे जाड पिवळसर कागदाचं. वर ‘पाळी’: दुपारच्या प्रयोगाला पहिली, रात्रीच्या प्रयोगाला दुसरी. प्रत्येक प्रयोगाच्या कार्डाला वरच्या काठाला वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे कालचं कार्ड घेऊन कुणी आलं तर दारातल्या माणसाला तारीख वाचत बसावी लागत नाही. जुन्या तिकिटांचा कागद कधी गुलाबी, कधी पिवळा, कधी हिरवा असायचा तो याचसाठी. कार्डावरच्या ‘टिकिट नंबर’च्या जागी रांग आणि खुर्चीचा क्रमांक. दारात नाटकातलाच एक नट खाकी कपड्यांत उभा, हातात पंच. तो कार्डाला भोक पाडतो, खालची स्थळप्रत फाडून पेटीत टाकतो आणि कार्ड परत देतो. प्रेक्षक प्रेक्षागृहात शिरतो तो कारखान्याच्या गेटातून. नाटक अजून सुरू झालेलं नाही आणि तरी सुरू झालेलं आहे.

मोबाईलचा उपाय मात्र या मंडळींतल्या एका मुलीनं काढला, आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगात फोन वाजतात, नटांना थांबून विनंती करावी लागते, हे दुखणं आता सगळ्यांना माहीत आहे. उद्घोषणेनं ते बरं झालेलं नाही. ती म्हणाली, पाकीट फोन मावेल एवढं करू या. दारात फोन दाखवायचा, पाकीट घ्यायचं, फोन बंद करून तिथल्या तिथे पाकिटात घालायचा. मूळ पगाराचं पाकीट लहान होतं. आम्ही ते चार बाय सात इंचांचं केलं आणि झापेवर कारखान्याच्या पाटीच्या अक्षरांत छापलं: ‘पाळी सुरू असताना बाहेरच्यांशी बोलू नये.’ लोक हसले आणि त्यांनी फोन आत टाकले. सगळ्यांनी नाही, पण बहुतेकांनी. हातात दिलेल्या वस्तूला माणूस मान देतो, भिंतीवरच्या सूचनेला देत नाही, हे मी त्या दिवशी दाराशी उभी राहून पाहिलं.

शेवटच्या प्रवेशात कामगाराला हिशेबाचं शेवटचं पाकीट मिळतं. त्याची बायको ते उघडते, आतल्या नोटा मोजते, पाकीट पालथं करून झटकते. रंगमंचावरचं पाकीट आणि प्रेक्षकांच्या मांडीवरचं पाकीट एकच. दिग्दर्शकानं त्याविषयी कुठेही एक शब्द टाकला नव्हता. माझ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्या क्षणी आपलं पाकीट उलटं करून ‘हाती’चा रकाना पाहिला. प्रयोग संपल्यावर झाडायला आलेल्या मावशींना मी मुद्दाम विचारलं. पाकिटं फारशी पडलेली नाहीत, लोकांनी नेली, असं त्या म्हणाल्या. एरवी पत्रकांचा खच गोळा करावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं.

खर्चाचं विचारलंच जाईल, म्हणून लिहिते. स्वस्ताईची किल्ली ही की तारीख, वेळ, खुर्ची, दर यांतलं काहीही पाकिटावर छापायचं नाही. ते सगळं कार्डावर. मग पाकीट सगळ्या प्रयोगांना, सगळ्या नाट्यगृहांना तेच चालतं आणि एकदम दोन-तीन हजार ऑफसेटवर एका रंगात काढून ठेवता येतं. कार्डं मात्र प्रत्येक प्रयोगाची वेगळी, ती डिजिटलवर. डिजिटल यंत्रात प्रत्येक कार्डावर वेगळी रांग, वेगळा क्रमांक एकाच फटक्यात छापून येतो. पूर्वीसारखं निळ्या पेन्सिलीनं लिहावं लागत नाही की नंबरिंग मशीनवर वेगळं चढवावं लागत नाही. तेरा बाय एकोणीसच्या शीटमध्ये तीन बाय सहा इंचांची बारा कार्डं बसतात, कागद वाया जात नाही. पाकिटासाठी आम्ही नवीन डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, बनवलीच नाही. बाजारात ज्या मापात तयार पाकिटं मिळतात तेच माप धरलं. डायचा खर्च हजार प्रतींवर जिरतो, दोनशे प्रतींवर जिरत नाही, आणि हौशी संस्था नेमक्या इथेच घाबरून मागे फिरतात. पाकीट, कार्ड, परफोरेशन (फाडण्यासाठी पाडलेली भोकांची रेघ) धरून प्रेक्षकामागे खर्च नऊ रुपयांच्या आत बसला. तीनशे-चारशे रुपयांच्या तिकिटात तो अवघड नाही. मध्यंतरातला वडा याहून महाग असतो.

कागदाविषयी दोन गोष्टी आग्रहानं सांगते, कारण इथे सगळे चकतात. पहिली, ग्रेन. कागदात तंतू एका दिशेनं पडलेले असतात. जाड कागदाची घडी त्या दिशेला आडवी घातली की घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसू लागते. दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या) वरचा कागद घडी घालायचा असेल तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करायलाच हवं. आमचं कार्ड सपाट होतं म्हणून सुटलो, पण घडीचं आमंत्रणपत्र करणाऱ्यांनी छपाईच्या आधी ग्रेन विचारून घ्यावी. दुसरी, क्राफ्ट, म्हणजे पाकिटाचा तो तपकिरी कागद, शाई पितो. संगणकावर झळाळणारा लाल तिथे विटकरी होतो, पिवळा तर नाहीसाच होतो. तपकिरीवर काळा, गडद निळा, गडद तांबडा एवढेच रंग भरवशाचे. पांढरं हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंगच करावं लागतं. आणि प्लास्टिकचं लॅमिनेशन नको म्हणजे नको. चकाकी येते खरी, पण तो कागद पुन्हा लगद्यात जात नाही, त्यावर पेननं काही लिहिता येत नाही, आणि स्थळप्रत फाडताना प्लास्टिक ताणून निघतं.

खुर्चीचा क्रमांक मोठा आणि काळा असावा. हे इतकं साधं आहे, तरी कुणी करत नाही. मराठी नाटकाला येणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक किती असतात ते कुठल्याही प्रयोगाला मागे वळून पाहावं. त्यांच्या हातात नाजूक, फिकट, करड्या अक्षरांतलं तिकीट द्यायचं आणि अंधाऱ्या मार्गिकेत उभं करायचं, हे मला निर्दयपणाचं वाटतं. आमच्या कार्डावर रांगेचं अक्षर अंगठ्याएवढं होतं. आणखी एक: खुर्चीवर ज्या लिपीत अक्षर असेल त्याच लिपीत तिकिटावर हवं. मराठीच्या प्रेमापोटी तिकिटावर ‘क’ रांग छापली आणि खुर्चीवर इंग्रजी अक्षर असलं तर म्हातारी माणसं भांबावतात. मराठीचं प्रेम दाखवायला पाकिटाचा बाकीचा भाग मोकळा आहे.

याच नाटकाचा पुढे मोठ्या नाट्यगृहात प्रयोग झाला तेव्हा नवी अडचण आली. मिनी थिएटरात एका टेबलावर काम भागलं होतं. इथे अर्ध्या तासात शेकडो लोकांना त्यांचं त्यांचं कार्ड शोधून द्यायचं होतं. रांगांप्रमाणे तीन टेबलं मांडली, प्रत्येक टेबलावर खोक्यात रांगेनुसार कार्डं उभी लावली, पाकिटं बाजूला गठ्ठ्यानं. हे जमलं. पण त्या नाट्यगृहाच्या दारातल्या माणसांना सवय तिकीट मधून फाडायची. गर्दीत कुणी काही सांगायच्या आत पहिली बरीच पाकिटं कार्डासकट दुभंगली. एका आजींनी आपल्या पाकिटाचे दोन तुकडे पदराआड धरून ठेवले होते, ते पाहून माझा जीव कळवळला. त्यांना मी नवीन पाकीट दिलं. आता कार्डाच्या स्थळप्रतीवर जाड तुटक रेघ आणि ‘इथूनच फाडावे’ असं छापतो, आणि प्रयोगाआधी दारातल्या मंडळींना एक-एक पाकीट त्यांचं म्हणून देतो. ज्याच्या खिशात ते आहे तो दुसऱ्याचं फाडत नाही.

प्रत्येक नाटकाला पगाराचं पाकीट शोभणार नाही हे उघड आहे. कल्पना नाटकातच शोधावी लागते, आणि संहिता वाचल्याशिवाय ती सापडत नाही. उदाहरणादाखल लिहिते. दशावतारावर नाटक असेल तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांकडे पाहावं. गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. तिकीट गोल करावं, प्रत्येक रांगेला एक अवतार द्यावा. प्रेक्षक मत्स्याच्या रांगेत बसेल, वामनाच्या रांगेत बसेल, आणि आपला अवतार रंगमंचावर कधी येतो याची वाट पाहील. संगीत नाटक असेल तर पाकिटाच्या जागी पदांची आठ पानी पुस्तिका द्यावी आणि तिच्या शेवटच्या पानाला तिकीट जोडावं. जुनी गोष्ट फक्त परत आणायची आहे. रहस्यनाट्याला आत एक छोटं बंद पाकीट, ‘मध्यंतरात उघडावे’. मध्यंतरात लोक फोन न काढता एकमेकांशी बोलतील ही माझी खात्री. बालनाट्याचं तिकीट कापून मुखवटा व्हावा, पण मग कागद जाड आणि कडा गोल हव्यात, लहान मुलांच्या डोळ्यांशी खेळ नको.

यात एक मोह फार वाईट आहे आणि त्याविरुद्ध मला बोलायचंच आहे. काही समारंभी प्रयोगांत पहिल्या दोन रांगांतल्या निमंत्रितांना मखमली डबा, आत अत्तराची कुपी, सुका मेवा आणि सोनेरी पत्रिका जाते, आणि पदरचे पैसे मोजून शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला फोनवर एक ओळ. अशी डब्यांची कामं माझ्याकडे येतात, त्यांत पैसा चांगला असतो, तरी मला ती बघवत नाहीत. नाटक ज्याच्या तिकिटावर चालतं त्याला काही नाही, आणि फुकट येणाऱ्याला डबा! आमच्या नाटकात मानाच्या खुर्च्यांवरचे पाहुणे आणि बाल्कनीतला विद्यार्थी यांना एकच पाकीट मिळालं. पाहुण्यांनाही दारात कार्डाला भोक पाडून घ्यावं लागलं, आणि त्यांतल्या एका ज्येष्ठ नटानं ते कार्ड आनंदानं शर्टाच्या खिशाला अडकवलं. पाकीट देणार असाल तर सगळ्यांना द्या. सगळ्यांना देण्याएवढे पैसे नसतील तर स्वस्त कागद वापरा, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचा.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत यासाठी लागणारं सगळं आहे. गडकरी, घाणेकर आणि वाशीचं विष्णुदास भावे अशी महापालिकांची नाट्यगृहं आहेत. वागळेत आणि तुर्भ्यात छपाईची, खोकी-पाकिटांची यंत्रं आहेत. कळव्यात घरी बसून पाकिटं चिकटवणाऱ्या बायका आहेत, ज्यांना लग्नसराई संपली की काम नसतं. नाटकांचे प्रयोग लग्नसराईबाहेरही होतात, हे त्यांच्या दृष्टीनं लहान नाही. तयार पाकिटं घ्यायला पूर्वी आम्ही गिरगावात कांदेवाडीला जात असू. आता तेवढी धावपळही लागत नाही.

महापालिकांकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक नाट्यगृहाच्या प्रवेशद्वाराच्या आत, प्रेक्षकांच्या वाटेत येणार नाहीत अशी तीन टेबलांची कायमची जागा आखून द्यावी आणि तिथे उजेड असावा. प्रयोगाचं आरक्षण करताना संस्थेला त्या नाट्यगृहाचा खुर्च्यांचा अचूक नकाशा संगणकावर वापरता येईल अशा स्वरूपात द्यावा. आज तो आम्हाला प्रेक्षागृहात फिरून खुर्च्या मोजून तयार करावा लागतो. आणि गडकरी रंगायतनच्या आवारात एखादं काचेचं कपाट ठेवावं, ज्यात इथे झालेल्या प्रयोगांची तिकिटं, पदांची पुस्तकं, हँडबिलं लागतील. रंगायतन १९७८ सालचं आहे. ठाण्यातल्या घराघरांत त्या काळची तिकिटं पुस्तकांच्या पानांत, डायऱ्यांत पडून असतील. मालक गेले की ती रद्दीत जातात, मी रद्दीच्या गठ्ठ्यांत पाहिली आहेत. ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाला लोकांनी ती आणून द्यावीत असं आवाहन आपल्या वृत्तपत्रानं केलं तर कपाट भरायला वेळ लागणार नाही.

व्यावसायिक निर्मात्यांना एवढंच सांगते की त्यांच्यासाठी हे हौशी संस्थांपेक्षा सोपं आहे. त्यांचे प्रयोग शेकड्यांनी होतात, पाकिटं पाच-दहा हजार एकदम छापता येतात, दर निम्म्यावर येतो. नाटक बसत असतानाच, नेपथ्यकाराशी आणि वेशभूषाकाराशी बोलणी चालू असतात तेव्हाच तिकीट करणाऱ्यालाही तालमीला बोलवावं. प्रयोगाच्या आठ दिवस आधी लोगोची फाइल पाठवून ‘काहीतरी छान करा’ म्हटलं की काहीतरीच होतं.

आमच्या पाकिटाचा आणि कार्डाचा नमुना पत्रासोबत जोडला आहे. माप कुणीही वापरावं, मला विचारायची गरज नाही. पाकीट चार बाय सात इंच, आखूड बाजूला उघडणारं, तपकिरी क्राफ्ट, १०० जीएसएम, एका रंगाची छपाई. कार्ड तीन बाय सहा इंच, मॅनिला, २५० जीएसएम, खालचा एक इंच स्थळप्रतीचा, परफोरेशन बारीक. पंचचं भोक काठापासून निदान अर्धा इंच आत घ्यावं, नाहीतर कार्ड तिथून फाटतं. आणि पंचखाली एक डबा धरावा, टिकल्या गालिच्यावर पडल्या की झाडणाऱ्या मावशींना त्या एकेक वेचाव्या लागतात.

आपली,
एक मुद्रक
नौपाडा, ठाणे (प.)